खारपाणपट्ट्याची माती, सोडियम आणि पाणी: माझ्या प्रोजेक्टच्या नोंदी

४ जुलै २०२४

टॉपिक एकदाचा फायनल. मॅडमनी चौकट दिली होती की खनिजाचा पृष्ठभाग आणि त्याला लागून असलेलं पाणी, अणू-रेणूंच्या पातळीवर, सिम्युलेशनने, बाकी खनिज तुमचं तुम्ही निवडा. आमच्यातल्या दोघांनी क्वार्ट्झ घेतला, एकीने कॅल्साइट, आणि मी म्हटलं काळी माती. मॅडम हसल्या, म्हणाल्या काळी माती हे खनिज नाहीये, तिच्यातलं कोणतं खनिज फुगतं ते सांग आणि मग बोल. ते मला माहीत होतं, मॉन्टमोरिलोनाइट, नाव फ्रान्समधल्या एका गावावरून पडलंय पण आपल्याकडे बेसाल्ट झिजून झिजून वावरंच्या वावरं त्याने भरलीत.

मी दर्यापूरकडची, म्हणजे पूर्णेचं खोरं, अमरावती-अकोला-बुलढाण्याचा खारपाणपट्टा. उन्हाळ्यात भेगा अशा की हात कोपरापर्यंत जातो, पावसाळ्यात चप्पल रुतून राहते आणि पाय वर येतो. विहिरीचं पाणी खारं, मातीत सोडियम जास्त, पाणी खाली झिरपतच नाही. अशा जमिनीला चोपण म्हणतात आणि उपाय म्हणून जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, टाकायला सांगतात, हे लहानपणापासून ऐकलंय, पण सोडियम नेमकं करतं काय हे कोणी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही.

तर प्रोजेक्टभर एकच प्रश्न धरून चालायचं ठरवलंय. पाणी कशाला चिकटतं, मातीच्या पापुद्र्याला की पापुद्र्यांमधल्या सोडियमला? माझा अंदाज पापुद्र्याला. लिहून ठेवते, नंतर बघू.

९ जुलै

मॉडेल बांधायला घेतलं. मॉन्टमोरिलोनाइटचा एक पापुद्रा म्हणजे तीन थरांची चळत, वर सिलिका, मध्ये ॲल्युमिना, खाली परत सिलिका. जाडी साडेनऊ आंगस्ट्रॉमच्या आसपास (आंगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग), पाण्याचे साडेतीनेक रेणू एकावर एक ठेवले तर तेवढीच. मधल्या थरात काही ठिकाणी ॲल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम बसलेला असतो, ॲल्युमिनियम +३ आणि मॅग्नेशियम +२, त्यामुळे अशा प्रत्येक अदलाबदलीमागे पापुद्र्यावर एक ऋण चार्ज उरतो, आणि तो भागवायला दोन पापुद्र्यांच्या फटीत सोडियम येऊन बसतो.

माझा युनिट सेल, म्हणजे रचनेचा पुन्हा पुन्हा येणारा सगळ्यात लहान तुकडा: ८ सिलिकॉन, सव्वातीन ॲल्युमिनियम, पाऊण मॅग्नेशियम, २० ऑक्सिजन, ४ हायड्रॉक्सिल, पाऊण सोडियम. पाऊण अणू असं काही नसतं म्हणून ८ × ४ असे ३२ सेल जोडून एक पापुद्रा केला, साधारण ४२ आंगस्ट्रॉम बाय ३६, त्यात २४ मॅग्नेशियम. असे दोन पापुद्रे, दोन फटी, ४८ सोडियम.

सहज पृष्ठभागाचा हिशेब केला. सेलच्या एका बाजूचं क्षेत्रफळ ४६.८ चौरस आंगस्ट्रॉम, दोन्ही बाजू धरल्या आणि रेणूभाराने भागलं तर ग्रॅमला ७६६ चौरस मीटर येतात. एक एकर म्हणजे ४०४७. म्हणजे सव्वापाच ग्रॅम शुद्ध मॉन्टमोरिलोनाइट, चमचाभर फार तर, पापुद्रा न् पापुद्रा सुटा करून पसरला तर एक एकर भरतो. दोनदा तपासलं. बाबांना व्हॉट्सॲप केलं, त्यांचं उत्तर: "सातबारा कोनाच्या नावावर हाये?"

११ जुलै

आजचा अख्खा दिवस एका आकड्याने खाल्ला, सविस्तर लिहून ठेवते कारण सबमिशनच्या वेळी आठवणार नाही.

फोर्स फील्ड, म्हणजे अणू एकमेकांना किती ओढतात-ढकलतात त्याचे नियम, क्लेएफएफ नावाचं घेतलंय, २००४ सालचं, सायगन, लियांग आणि कालिनिचेव्ह यांचं. त्याची गंमत अशी की मातीच्या अणूंमध्ये बंध असे जवळपास नसतातच, फक्त हायड्रॉक्सिलचा तेवढा असतो, बाकी सगळी रचना अणूंच्या चार्जच्या ओढाताणीवर उभी राहते, त्यामुळे चार्जमध्ये घोळ झाला की सगळंच गेलं. पाणी एसपीसी/ई, १९८७ चं जुनं मॉडेल, ऑक्सिजनवर −०.८४७६ आणि दोन्ही हायड्रोजनवर +०.४२३८.

लॅम्प्स (सिम्युलेशन चालवणारं सॉफ्टवेअर) चालू केलं तर वॉर्निंग: सिस्टिम न्यूट्रल नाही, एकूण चार्ज ३७.६८. आधी वाटलं सोडियम जास्त पडले, मोजले तर ४८ च. पाणी काढून टाकून बघितलं, तेच. मग वहीवर बसले. क्लेएफएफमध्ये ॲल्युमिनियमचा चार्ज १.५७५ आणि मॅग्नेशियमचा १.३६, म्हणजे अदलाबदलीत फक्त ०.२१५ कमी झाला, आणि समोर मी पूर्ण +१ चा सोडियम आणून ठेवला. उरले ०.७८५. गुणिले ४८, बरोब्बर ३७.६८! उरलेला ऋण चार्ज मॅग्नेशियमवर नसतोच, तो त्याच्या शेजारच्या सहा ऑक्सिजनवर वाटलेला असतो, प्रत्येकावर ०.१३०८, आणि त्या ऑक्सिजनना वेगळा टाइप द्यायचा असतो. पेपरच्या टेबलमध्ये सरळ लिहिलंय, मी तो कॉलम वाचलाच नव्हता.

स्क्रिप्ट सुधारली. आता ०.२७१२. डोकं आउट. राउंडिंगमुळे ०.००९६ राहणार हे कळत होतं, पण मग ०.२६१६ कुठून आले? ते म्हणजे ०.१३०८ गुणिले दोन. दोन ऑक्सिजन कमी पडले! रँडम जागा निवडताना एके ठिकाणी दोन मॅग्नेशियम शेजारी-शेजारी बसले होते, त्यांच्यात दोन ऑक्सिजन सामायिक, आणि माझी स्क्रिप्ट चार्ज मिळवत नव्हती, नुसता एकदा सेट करत होती. शेजारी बसायचं नाही अशी अट घातली, रात्री साडेनऊला आकडा ०.००९६ झाला. मेसमध्ये जेवण संपलेलं, मॅगी केली.

१९ जुलै

पहिले तीन रन मेले. अणू हरवले म्हणून. पाण्याचे रेणू फटीत कोंबताना काही एकमेकांवर बसले होते, सुरू झाल्या झाल्या उडाले. आधी मिनिमायझेशन, म्हणजे अणू थोडे थोडे सरकवून नीट बसवणं, मग हळूहळू ३०० केल्विनपर्यंत गरम, टाइमस्टेप १ फेम्टोसेकंद. आता चालतंय.

२६ जुलै

मॅडम म्हणाल्या सोडियमवाला रन करायच्या आधी कंट्रोल कर, चार्ज नसलेला पापुद्रा घे. तो घ्यायला कुठे जायलाही नको, पायरोफिलाइट म्हणजे तोच सांगाडा, फक्त मॅग्नेशियमची अदलाबदल नाही म्हणून चार्ज शून्य आणि फटीत आयनही नाही. वर मोकळी जागा सोडली, पृष्ठभागावर हजार रेणूंचा पाण्याचा थेंब ठेवला आणि होस्टेलवर गेले.

सकाळी व्हीएमडीत (रेणू पडद्यावर दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडलं तर थेंब पसरलाच नव्हता. अळूच्या पानावर बसतो तितका टरटरीत गोल नाही, पण पोट काढून बसलेला. मी उगाच आणखी दोन नॅनोसेकंद चालवून बघितलं, तरी तसाच.

म्हणजे माझा ४ जुलैचा अंदाज जवळजवळ चुकला म्हणायचा. कारण बघायला गेलं तर सोपं आहे. पापुद्र्याच्या पृष्ठभागावर सगळे ऑक्सिजन असे आहेत की प्रत्येकाला दोन्हीकडून सिलिकॉनने धरून ठेवलंय, त्यांच्याकडे पाण्याच्या हायड्रोजनला द्यायला फारसं काही उरत नाही. पाण्याचा रेणू आत, इतर पाण्यात असला की साधारण साडेतीन हायड्रोजन बंध धरून असतो, पृष्ठभागावर आला की त्यातला एखादा सुटतो आणि बदल्यात काही धड मिळत नाही. मग तो आपल्या माणसांत राहणं पसंत करतो.

याचं घरगुती प्रात्यक्षिक म्हणजे शंखजिरे. टाल्कचे पापुद्रे असेच, चार्ज नसलेले. होस्टेलच्या बादलीत टाल्कम पावडर भुरभुरली, तरंगत राहिली, बोटाने बुडवली तरी बोट कोरडंच वर. रूममेट म्हणाली तुझा प्रोजेक्ट नक्की कशावर आहे.

६ ऑगस्ट

सोडियमवाले रन झाले. पृष्ठभाग तोच, ऑक्सिजन तेच, फक्त चार्ज आणि सोडियम आला, आणि चित्रच बदललं.

आधी हाताने अंदाज काढला होता. पाण्याच्या एका रेणूला ३० घन आंगस्ट्रॉम जागा लागते, सेलमागे ५ रेणू टाकले तर १५० भागिले ४६.८ म्हणजे ३.२ आंगस्ट्रॉमचा थर, त्यात पापुद्र्याची जाडी मिळवली की १२.७ च्या आसपास. १० रेणूंना १५.९. सिम्युलेशनमध्ये आलं १२.४ आणि १५.४. एक्स-रेने मोजलेलं सोडियम मॉन्टमोरिलोनाइटचं अंतरही याच जागी सापडतं, पाण्याच्या एका थराला साडेबारा, दोन थरांना साडेपंधरा. म्हणजे माती फुगते ती पाव दुधात फुगतो तशी सगळीकडून सावकाश नाही, पायऱ्या-पायऱ्यांनी फुगते. सेलमागे ७ रेणू टाकून बघितले तर बिचारे ना धड एका थरात ना दोन, काही सोडियमभोवती वर-खाली झालेले आणि मधे मधे रिकामं.

आता जवळून. दोन थरांच्या रनमधला एकच सोडियम निवडला, आजूबाजूचं सगळं लपवलं आणि फ्रेम-फ्रेमने बघत बसले. तो फटीच्या बरोबर मध्यावर, भोवती सहा पाणी, तीन वरच्या पापुद्र्याकडे आणि तीन खालच्या, सगळ्यांचा ऑक्सिजन सोडियमकडे वळलेला आणि हायड्रोजन बाहेर. त्या बाहेरच्या हायड्रोजनपैकी एखादा पापुद्र्याच्या ऑक्सिजनला टेकलेला, पण टेकलेलाच, धरलेला नाही. म्हणजे सोडियम स्वतः पापुद्र्याला शिवतही नाही, पाण्याची झूल पांघरून मधे उभा आहे. पाणी सोडियमचं, आणि पापुद्रा सोडियमचा ओलीस. फट उघडली ती सोडियमला झूल पांघरायला जागा हवी म्हणून.

उत्तर सोडियमच्या बाजूने झुकतंय. एकदम पक्कं म्हणत नाही, कारण चार्ज आल्यामुळे मॅग्नेशियमच्या वरच्या भागातले ऑक्सिजनही जरा जास्त ऋण झालेत आणि तिथे पाण्याचे हायड्रोजन बंध खरंच घट्ट दिसतात. पण आयनाची ताकद वेगळीच.

१६ ऑगस्ट

आमच्या बीएस्सीच्या पुस्तकात होतं, मातीच्या कणाला लागून असलेलं पाणी "बद्ध जल", आणि चित्रात ते बर्फासारखं आखीव दाखवलेलं. तेच तपासायचं होतं.

घनतेचा आलेख काढला (यासाठी फट उघडून मोठा बॉक्स केला, वर भरपूर पाणी). पृष्ठभागापासून पावणेतीन आंगस्ट्रॉमवर एक उंच टोक, मग दरी, मग दुसरं बुटकं टोक, मग तिसरी नुसती लहर, आणि दहा आंगस्ट्रॉमच्या पुढे सपाट, नेहमीचं पाणी. तीन थरांत खनिजाचा धाक संपला. हे नुसतं कॉम्प्युटरचं खूळ नाही, इस्राएलाच्विली आणि पॅशली यांनी १९८३ मध्ये अभ्रकाचे दोन गुळगुळीत पत्रे पाण्यात जवळ जवळ आणले तेव्हा त्यांच्यातलं बळ असंच वर-खाली होत होतं, दर अडीच आंगस्ट्रॉमला, म्हणजे पाण्याचा एकेक थर पिळून बाहेर पडत होता. मला हा प्रयोग फार आवडतो, अभ्रक आणि धीर एवढ्यावर केलेला वाटतो (उपकरण अर्थात प्रचंड नाजूक).

थर आहेत, मान्य. पण गोठलेले आहेत का? रेणू किती भटकतात ते मोजलं. पहिल्यांदा उत्तर फारच कमी आलं आणि मी खूश होऊन मॅडमना मेसेज करणार होते की बद्ध जल सापडलं, तेवढ्यात सीनियरने विचारलं भागिले किती केलंस. सहाने केलं होतं. सहा तीन मितींसाठी, फटीत रेणू दोनच मितींत पळतो, चारने भागायचं. हुश्श.

नीट केल्यावर: मोकळ्या पाण्यात माझं मॉडेल २.५ देतं (× १०⁻⁹ चौरस मीटर प्रति सेकंद, खऱ्या पाण्याचं २५ अंशाला २.३), दोन थरांत १.१, एका थरात ०.३. एका थरात आठपट मंद, बरोबर आहे, पण ०.३ म्हणजे काही बर्फ नव्हे. सोडियमभोवतीची ती सहाची टोळीपण कायमची नाही, काही दहा पिकोसेकंदांत (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा लाख कोटीवा भाग) एखादा निघून जातो, दुसरा येतो. जागा ठरलेल्या आहेत, बसणारे बदलत राहतात. एसटीच्या सीटसारखं, रुमाल टाकलेला नाही. "बद्ध" शब्दाने माझी पाच वर्षं दिशाभूल केली.

३ सप्टेंबर

पोळ्याला घरी आले. काल बैलं सजवण्यात दिवस गेला, आज बाबांसोबत वावरात. मूग निघालाय, तिकडच्या पट्ट्यातून वरची दोन बोटं माती बाजूला करून खालची किलोभर पिशवीत भरली.

"काय करून राह्यली वं तू तिथं दोन महिन्यांपासून?" मी सांगितलं, कॉम्प्युटरवर मातीतलं पाणी बघते. "मातीतलं पानी पाहाले पुन्याले जा लागते का?"

मग मात्र त्यांनी एक गोष्ट सांगितली जी मी आजवर कधी लक्ष देऊन ऐकली नव्हती. एका वर्षी पाऊस लांबला म्हणून त्यांनी विहिरीचं खारं पाणी हरभऱ्याला एकदा दिलं होतं, पीक काही साधलं नाही, पण त्या खाऱ्या पाण्याने माती बसकली नाही. नंतर अवकाळी आला, चांगलं गोडं पाणी, आणि त्याने माती पिठासारखी कालवली, वर पाणी तुंबलं, वाळल्यावर कडक खपली. "हीरीच्या पान्यानं तसं नाही होत, पावसाच्या पान्यानं होते. मिठाचं पानी वाईट अन् देवाचं पानी चांगलं, पन मातीले उलटंच वाटते."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. सोडियम जास्त म्हणून माती बिघडते असं मी सांगत होते, मग ज्या पाण्यात सोडियम आहे त्याने कमी बिघडायचं काय कारण? वहीत मोठा प्रश्न लिहिला.

१३ सप्टेंबर

सिम्युलेशनला आठवडाभर सुट्टी, ती ज्यावर चालतात तो कॉम्प्युटरचा क्लस्टर मेंटेनन्सला. खरी माती घेऊन बसले.

सिव्हिलवाल्यांची एक साधी टेस्ट आहे, फ्री स्वेल, म्हणजे माती मोकळी सोडली तर किती फुगते ते, आयएस २७२० या भारतीय मानकाच्या ४० व्या भागात दिलेली. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली वाळवलेली माती, १० ग्रॅम एका १०० मिलीच्या सिलिंडरमध्ये रॉकेल घालून, १० ग्रॅम दुसऱ्यात डिस्टिल्ड वॉटर घालून, ढवळून हवा काढायची, २४ तास ठेवायचं आणि गाळाची उंची वाचायची. रॉकेल का, तर ते ध्रुवीय नाही, सोडियमला त्याची झूल होत नाही, फट उघडत नाही, माती आहे तेवढीच राहते. टेस्ट १९७७ ची, पण माझ्या ६ ऑगस्टच्या नोंदीचा सगळा मुद्दा तिच्यात आधीच आहे. चाळणी सिव्हिलच्या लॅबमधून एका दिवसाच्या बोलीवर. रॉकेल आता रेशनवर कुठे मिळतं, आमच्या लॅबच्या कपाटातलं घेतलं, सोडियम धातू बुडवून ठेवायला आणलेलं. सोडियमला पाण्यापासून दूर ठेवायचं काम इथेही रॉकेलच करतंय, हे ओतताना लक्षात आलं.

दोनाऐवजी पाच सिलिंडर लावले. रॉकेल, डिस्टिल्ड, जिप्सम विरघळवलेलं पाणी, पोटॅशचं पाणी (कृषी केंद्रातलं लाल म्युरेट ऑफ पोटॅश, म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, गाळून), आणि धुण्याच्या सोड्याची चिमूट.

१६ सप्टेंबर

रॉकेल ११ मिली. डिस्टिल्ड २०, म्हणजे फ्री स्वेल ८२ टक्के. जिप्सम १६. पोटॅश १४.

सोडा: वाचताच येत नाही. तीन दिवस झाले, सिलिंडर वरपासून खालपर्यंत तपकिरी, चहा उकळून ठेवल्यासारखा, खाली थोडा जाड गाळ आणि वर गढूळच गढूळ, रेघ कुठे धरायची. लॅब असिस्टंट म्हणाले धुवून टाकू का. अजिबात नाही म्हटलं. चोपण जमिनीत तुंबलेलं पाणी आठवडाभर गढूळ राहतं ना, हेच ते. सोड्यातल्या कार्बोनेटने मातीतलं कॅल्शियम चुनखडी करून बाजूला काढलं, जागा सोडियमने घेतली, आणि पापुद्रे नुसते फुगले नाहीत तर एकमेकांना सोडून पाण्यात सुटे झाले. ९ जुलैचा तो एक एकर, उलगडायला लागलेला.

२८ सप्टेंबर

क्लस्टर परत आला. कॅल्शियम आणि पोटॅशियमचे रन.

कॅल्शियमवर +२, म्हणून ४८ सोडियमच्या जागी २४ च. गंमत अशी की पाण्याची ओढ बघितली तर कॅल्शियम सोडियमच्या कितीतरी पुढे आहे, एक मोल आयन पाण्यात गेला तर सोडियमला सुमारे ४०५ किलोज्यूल सुटतात, कॅल्शियमला १५८० च्या आसपास, पोटॅशियमला फक्त ३२०. मग कॅल्शियमने माती जास्त फुगायला हवी की! पहिले दोन थर तो घेतोच, हावरेपणाने घेतो, त्याची पाण्याची झूल सोडियमपेक्षा घट्ट आणि रेणू बदलायलाही तो बराच वेळ लावतो. पण दोन चार्जचा एकच आयन दोन्ही बाजूंच्या पापुद्र्यांना एकदम ओढून धरतो, आणि ती ओढ पाण्याच्या झुलीसकट टिकते. नॉरिशने १९५४ मध्ये एक्स-रेने हेच दाखवलं, कॅल्शियमची माती १९ आंगस्ट्रॉमच्या आसपास जाऊन थांबते, आणि सोडियमची मात्र तिथून एकदम चाळीसच्या वर उडी मारते आणि पुढे जातच राहते. सगळा फरक त्या उडीत आहे, आणि माझ्या फटीत फक्त उडीच्या अलीकडचं दिसतं.

पोटॅशियमचं वेगळंच. त्याला पाण्याची फार पडलेली नाही, आणि पापुद्र्यावर सहा ऑक्सिजनच्या कड्यात जी पोकळी आहे तिच्यात तो मापात बसतो. रनमध्ये बरेच पोटॅशियम झुलीतलं एका बाजूचं पाणी सोडून सरळ पापुद्र्याला टेकलेले दिसले. म्हणून १४ मिली.

बाबांना फोनवर सांगितलं तर लगेच, "मंग पोटॅशच टाकतो ना वावरात." नको नको, ते खत आहे, सबंध जमिनीची अदलाबदल करायला जेवढं लागेल त्याचा खर्च बघा, जिप्समच, आणि तेही मातीची तपासणी करून जेवढं निघेल तेवढं, आणि सुटलेलं सोडियम वाहून जायला चर पाहिजेत, नाहीतर ते तिथेच राहील.

९ ऑक्टोबर

३ सप्टेंबरचा प्रश्न सुटला असं वाटतंय. आणि तो रेणूंच्या फटीत नाही, तिच्या बाहेर होता.

पापुद्रे १९ आंगस्ट्रॉमच्या पुढे गेले की सोडियम मधोमध उभे राहत नाहीत, प्रत्येक पापुद्र्याभोवती त्यांचा एक ढग होतो. हा ढग किती लांब पसरणार ते पाण्यात आधीपासून किती मीठ आहे त्यावर ठरतं, ०.३०४ नॅनोमीटर (एक नॅनोमीटर म्हणजे दहा आंगस्ट्रॉम) भागिले क्षारतेचं वर्गमूळ. जवळजवळ गोड पाणी, ०.००१ मोलर (लिटरमागे ०.००१ मोल मीठ), घेतलं तर ढग ९६ आंगस्ट्रॉम. ०.१ मोलरला साडेनऊ. म्हणजे गोड पाण्यात प्रत्येक पापुद्र्याचा ढग शंभर आंगस्ट्रॉमपर्यंत, दोन ढग एकमेकांना ढकलतात, आत आयन दाटलेले आणि बाहेर विरळ म्हणून पाणी आत ओढलं जातं, पापुद्रे सुटे. खाऱ्या पाण्यात ढग आवळून बसतो, पापुद्रे जवळ येतात आणि एकमेकांना धरून गाठी होतात. खारं पाणी माती सुधारत नाही, सोडियम तर वाढतच जातं, ते फक्त सोडियमचं काम थोपवून धरतं. मग पाऊस येतो, मीठ धुतलं जातं, सोडियम मात्र पापुद्र्यांवर तसंच राहतं, आणि थोपवलेलं सगळं एकदम होतं. क्वर्क आणि स्कोफिल्ड यांनी १९५५ मध्ये हे मातीच्या पाझरावरून मांडलंय, की दर मातीला पाण्यात एवढं एवढं तरी मीठ लागतं, त्याच्या खाली गेलं की पाझर घटायला लागतो. बाबांनी ते एका हरभऱ्यावरून.

माझा बॉक्स ४२ आंगस्ट्रॉमचा आणि ढग ९६ चा, त्यामुळे हे मी सिम्युलेशनमध्ये दाखवू शकत नाही, रिपोर्टमध्ये तसं साफ लिहिणार आहे. पण तो सोड्याचा सिलिंडर अजून गढूळच उभा होता, सव्वीस दिवस. त्यातला अर्धा दुसऱ्या सिलिंडरमध्ये ओतला, दोन्ही पाण्याने १०० पर्यंत भरले, आणि एकात मेसमधलं ३ ग्रॅम मीठ. म्हणजे अर्धा मोलर, ढग चारेक आंगस्ट्रॉम. हलवून ठेवला.

पाच मिनिटांत दह्यासारखे कण दिसायला लागले. वीस मिनिटांनी वर बोटभर स्वच्छ पाणी. लेक्चरहून आले तर खाली गाळ आणि वर आरपार दिसतंय, सिलिंडरच्या मागे ठेवलेल्या पाटीवरचे आकडे वाचता येतायत. शेजारचा तसाच, चहा. सोडियम दोन्हीकडे आहे, मीठवाल्यात तर उलट जास्तच.

मॅडमना बोलावून दाखवलं. त्या खूप वेळ बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या हा फोटो पहिल्या पानावर टाक, आलेख मागे.

२१ ऑक्टोबर

रिपोर्टचा ड्राफ्ट दिला. प्रेझेंटेशनमध्ये एकच अडचणीचा प्रश्न आला, की तुझ्या मॉडेलमध्ये पापुद्र्याच्या कडा नाहीत, तुझा पापुद्रा अनंत आहे, खऱ्या मातीत कडांवर तुटके बंध असतात, तिथे पाणी फुटून हायड्रॉक्सिल होतं आणि आम्लतेप्रमाणे चार्जही बदलतो, ते कुठे? खरं आहे, ते नाहीये. सोड्याने आम्लता बदलते म्हणजे माझ्या चहाच्या सिलिंडरमध्ये कडांचाही हात असणार. पुढच्या सेमला कडा असलेला पापुद्रा बांधायचाय, चार्ज पुन्हा पहिल्यापासून जुळवावे लागणार, आत्ताच पोटात गोळा.

कॅल्शियमचा लांब रन अजून रांगेत आहे, पुढे सहा जण.

दोन्ही सिलिंडरचे फोटो घरी पाठवले. बाबांनी आधी विचारलं मीठ कितीचं टाकलं. सांगितलं. मग बराच वेळ टायपिंग, टायपिंग, आणि आलं: "तो गढूळवाला दिवाळीले घेऊन ये. टाक्यातलं पावसाचं पानी हाये आपल्याकडे, आप्पाले करून दाखवू."

काचेचा सिलिंडर रेल्वेत कसा नेऊ, प्लास्टिकच्या बाटलीत भरून नेते.